कायदा हातोडा अडवतो, गळती नाही

केंट परगण्यातल्या आयटम मोट या घराच्या चौकात एक भलंमोठं लाकडी कुत्र्याचं घर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डायडो नावाच्या सेंट बर्नार्ड कुत्रीसाठी ते बांधलं गेलं. मूळ वास्तू इंग्लंडच्या वारसा यादीत पहिल्या श्रेणीची, त्यामुळे डायडोचं बिऱ्हाडही त्याच श्रेणीचं. उद्या ते कुणाला अडचणीचं वाटलं तरी परवानगीशिवाय पाडता येणार नाही. पाडलं तर फौजदारी गुन्हा. (घराला ज्या गावाचं नाव आहे, त्याचा उच्चार ‘आयटम’ असाच आहे. मराठी कानाला हसू आलं तर येऊ द्यावं.) पुण्याहून पाहुणे आले की मी त्यांना इथे घेऊन येते, आणि सातशे वर्षांचं घर बाजूला ठेवून ते आधी या कुत्र्याच्या घराचा फोटो काढतात. मग ठरलेला प्रश्न येतो : यांच्याकडे कुत्र्याच्या घराला एवढं संरक्षण, आणि आपल्याकडे डोळ्यांदेखत वाडे पडतात, असं का?

प्रश्न रास्त आहे, पण कायदा कडक असला की घरं वाचतात, असं त्यात धरून चाललेलं असतं. मी आर्किटेक्ट आहे आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर पोट भरते. पुण्यात शिकत होते तेव्हा पेठांमधले वाडे टेप लावून मोजले, इथे आल्यावर ओकच्या तुळया. आयटम मोटचा इतिहास जितका वाचला आणि त्या भिंती जितक्या जवळून पाहिल्या, तितकं माझं मत पक्कं होत गेलं की हे घर वाचलं ते कायद्याने नव्हे. कायदा आला तो फार उशिरा, आणि आला तेव्हाही त्याच्या हातात पाडकामाची परवानगी नाकारण्यापलीकडे फारसं काही नव्हतं.

आधी घर बघू. सेव्हनओक्सच्या पूर्वेला एका अरुंद दरीत ते बसलेलं आहे. चारही बाजूंनी चौकोनी खंदक, त्यावर तीन पूल, मधोमध चौक आणि चौकाभोवती सत्तरहून जास्त खोल्या. वाड्यात वाढलेल्या माणसाला ही मांडणी समजावून सांगावी लागत नाही. बाहेरच्या जगाकडे जाड भिंतींची पाठ आणि घराचं तोंड आतल्या चौकाकडे. दरवाजाशेजारी भिंतीत एक अरुंद फट ठेवली आहे. आलेला माणूस कोण, त्याच्याकडची कागदपत्रं खरी की खोटी, हे दार न उघडता पाहण्यासाठी द्वारपालाने वापरायची. आपल्याकडे हेच काम दिंडी दरवाजा आणि देवडीवरचा माणूस मिळून करत.

घराचा सर्वांत जुना भाग चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. मोठा दिवाणखाना, त्याच्या मानाच्या टोकाला प्रार्थनाघर, त्याखाली तळघर आणि मालकाच्या कुटुंबासाठी माडीवरच्या दोन खोल्या, एवढाच तेव्हाचा पसारा. दिवाणखान्यात मालक, नोकर, पाहुणे सगळे एकत्र जेवत. कोण कुठे बसतो यावर त्याची पायरी ठरे. वर पाहिलं तर छताच्या कमानी पाठीवर तोलून धरलेल्या, तोंड वेंगाडलेल्या, उकिडव्या बसलेल्या कोरीव आकृती दिसतात. कोरणाऱ्याने त्यांच्या चेहऱ्यावर ओझ्याचा त्रास अगदी मनापासून उतरवला आहे. पंधराव्या शतकात प्रवेशाचा बुरूज आला आणि चौकाची उरलेली बाजूही बंद झाली. खंदकाने जागा आखून दिल्यामुळे घराला बाहेर पसरायला वावच नव्हता. जे काही वाढायचं ते कडेकडेने, वर आणि आत. म्हणूनच एका माणसाने बसून काढलेला नकाशा इथे सापडत नाही. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीच्या भिंतीला आपली तुळई टेकवली आहे.

बांधकाम साधं आणि स्थानिक. खाली केंटचा राखाडी, खडबडीत चुनखडीचा दगड, थेट खंदकाच्या पाण्यातून वर आलेला. वर ओकचा सांगाडा आणि त्यात भरलेले कूड. कूड म्हणजे आपल्याकडे असतात तसेच : काटक्यांची वीण, त्यावर माती, शेण आणि पेंढ्याचा गिलावा, वरून चुन्याचा हात. इंग्रजी सुतार ओक वाळायची वाट पाहत नसत. ओलं असतानाच कापून, कुसू आणि साळ जुळवून, आरपार लाकडी खुंटी ठोकत. लाकूड वाळलं की आकसतं आणि सांधा आणखी आवळला जातो. सांगाडा आधी कारखान्याच्या अंगणात जमिनीवर जुळवायचा, तुकड्यांवर खुणा करायच्या, मग सुटा करून जागेवर उभा करायचा. या खुणा रोमन आकड्यांसारख्या, लोखंडी टोकाने ओरखडलेल्या. अशा जुन्या घरांतल्या तुळयांवर बॅटरीचा झोत तिरपा टाकला की त्या अजून दिसतात. सात नंबरचा खांब सात नंबरच्या आडव्याला भेटलेला असतो. नकाशे नव्हते, पण हिशेब पक्का होता.

१५२१मध्ये हे घर आठव्या हेन्रीच्या दरबारातल्या रिचर्ड क्लेमंटने घेतलं. नव्याने वर आलेला माणूस, राजनिष्ठा दाखवण्याची हौस दांडगी. नव्या प्रार्थनाघराच्या कमानदार लाकडी छतावर ट्यूडर गुलाब रंगवले गेले आणि त्यांच्या जोडीला राणी कॅथरिन ऑफ अ‍ॅरगॉनचं चिन्ह, डाळिंब. पुढच्या दहा-बारा वर्षांत राजाने कॅथरिनला दूर केलं आणि १५३३मध्ये अ‍ॅन बोलिनशी लग्न केलं. अ‍ॅनचं माहेर हीव्हर, याच परगण्यातलं. राजदरबारात डाळिंब अडचणीचं झालं, पण या दरीतल्या छतावरचं ते कुणी पुसलं नाही. कारण निष्ठा असेल, आळस असेल, की पुन्हा परांची बांधायचा खर्च नको असेल. जुन्या वास्तूंमधल्या कितीतरी मोलाच्या गोष्टी अशाच, कुणी हात न लावल्यामुळे राहिलेल्या असतात. लाकडावरचा तो रंग आता फिका पडला आहे, तरी मान वर करून दोन मिनिटं थांबलं की गुलाब आणि डाळिंब वेगळे ओळखता येतात.

१५९१पासून १८८९पर्यंत घर सेल्बी कुटुंबाकडे होतं. जवळजवळ तीनशे वर्षं एकाच आडनावाकडे राहिल्याने ते फारसं बदललं नाही. एकोणिसाव्या शतकात नावाजलेल्या आर्किटेक्ट रिचर्ड नॉर्मन शॉने आतले काही भाग बदलले, तेवढंच. मोठ्या सरदारांनी अठराव्या शतकात आपापली जुनी घरं पाडून ग्रीक खांबांचे महाल उठवले. सेल्बींची ऐपत तेवढी नव्हती, म्हणून मध्ययुगीन घर शिल्लक राहिलं. पेशवाईनंतर ज्या गावांमध्ये पैसा आला नाही तिथलेच वाडे जास्त टिकले, त्यातलाच हा प्रकार. मात्र तंगीने राखलेल्या घराला दुरुस्तीही मिळत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत इंग्लंडच्या खेड्यांतल्या जमीनदारीचा कणा मोडला. रेल्वे आणि आगबोटींनी अमेरिकेचा स्वस्त गहू आणून ओतला, शेतीचे खंड उतरले, आणि खंडावर चालणारी घरं अडचणीत आली. गंमत म्हणजे याच काळात, १८८७च्या सुमारास, आयटम मोट भाड्याने घेतलं ते अमेरिकन रेल्वेतून श्रीमंत झालेल्या जनरल विल्यम पामरच्या कुटुंबाने. कादंबरीकार हेन्री जेम्स त्यांच्याकडे पाहुणा होता. चित्रकार जॉन सिंगर सार्जंटने १८८९मध्ये घरासमोरच्या हिरवळीवर चाललेला बोल्सचा खेळ रंगवला. त्याच वर्षी थॉमस कॉलियर-फर्ग्युसनने घर विकत घेतलं आणि १८९०-९१मध्ये मनापासून दुरुस्ती केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने आठवड्यातली एक दुपार लोकांना घर पाहायला खुलं ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं, सक्ती नव्हती.

त्याचा तिसरा मुलगा रिव्हर्सडेल ३१ जुलै १९१७ रोजी ईप्रच्या लढाईत पडला. वय २१. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्याच्या आठवणीचा लाकडी क्रूस प्रार्थनाघरात आहे. थोरला मुलगा मॅक्स १९४०च्या बाँबहल्ल्यात गेला. १९५१मध्ये सर थॉमस वारला तेव्हा वारस होता नातू. १८९४मध्ये सुरू झालेला मृत्युकर तोवर मोठ्या इस्टेटींवर ८० टक्क्यांपर्यंत चढला होता. त्यात घराच्या देखभालीचा खर्च. नातवाने घर विकायला काढलं. ऑक्टोबर १९५१मध्ये तीन दिवस सामानाचा लिलाव चालला. घराचं काय करायचं यावर सूचना येत होत्या : आत फ्लॅट करावेत, किंवा सरळ पाडून छपरावरचं शिसं विकावं. इंग्लंडमध्ये हे नवलाचं नव्हतं. १९७४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात नष्ट झालेल्या अशा घरांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा शंभर वर्षांतल्या पाडलेल्या घरांची यादी हजारावर गेली होती.

तोवर कायदा नव्हता का? होता, पण माणसं राहत असलेल्या घरात शिरायला तो कचरत असे. १८८२चा पहिला कायदा प्रागैतिहासिक दगडांच्या वर्तुळांसाठी आणि थडग्यांसाठी होता. खासगी मालकीच्या राहत्या घराला हात लावायचा म्हणजे इंग्रज जमीनदाराच्या लेखी घोर पाप. महायुद्धातल्या बाँबवर्षावाने चित्र पालटलं. १९४४ आणि १९४७च्या नगररचना कायद्यांनी ऐतिहासिक इमारतींची यादी करायचं ठरवलं, आणि यादीतलं घर पाडायच्या आधी दोन महिने नोटीस देणं मालकाला भाग पडलं. त्या दोन महिन्यांत नगरपालिकेने हालचाल केली तर ठीक, नाहीतर घणाचे घाव सुरू. आधी परवानगी, मग काम, हा नियम यायला १९६८ उजाडलं. सरकारी अनुदानाची सोय १९५३च्या कायद्याने झाली. म्हणजे १९५१च्या ऑक्टोबरात, सामान उचललं जात असताना, या घराला आधार देईल असा धड कायदाही नव्हता आणि पैसाही नव्हता.

मग पुढे आले ते आसपासचे तिघेजण : विल्यम डर्लिंग, जॉन गुडविन आणि जॉन बॉल्डॉक. तिघांनी मिळून ५,५०० पौंडांना घर घेतलं. राहायला नाही, भाड्याने द्यायलाही नाही. कुणीतरी जपणारा मिळेपर्यंत ते उभं राहावं, एवढ्यासाठी. वारसा-संरक्षणाच्या इतिहासात मोठमोठ्या चळवळींची नावं येतात, पण मला हा दोन वर्षांचा मुक्काम सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बहुतेक घरं मरतात ती अशा मधल्या काळात, जुना मालक गेलेला आणि नवा अजून न आलेला असताना.

१९५३मध्ये गिऱ्हाईक आलं, तेही अमेरिकन. मेन राज्यातल्या पोर्टलंडचा चार्ल्स हेन्री रॉबिन्सन. करांच्या भानगडीमुळे तो वर्षातले १४ आठवडेच इथे राहायचा, पण तातडीच्या दुरुस्त्या त्याने करून घेतल्या आणि लिलावात रिकामं झालेलं घर सतराव्या शतकातल्या इंग्रजी फर्निचरने बरंचसं भरलं. १९६५मध्ये त्याने जाहीर केलं की घर आणि आतलं सगळं आपण नॅशनल ट्रस्टला देणार. १९८५मध्ये तो वारला आणि ट्रस्टने ताबा घेतला. त्याच्या अस्थी तळघराबाहेरच्या भिंतीत ठेवल्या आहेत.

नॅशनल ट्रस्ट ही सरकारी संस्था नाही, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक नसतं. १८९५मध्ये ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्स्ली या तिघांनी काढलेला तो धर्मादाय न्यास. त्याने विकत घेतलेली पहिली इमारत आयटम मोटसारखीच लाकडी सांगाड्याची होती, ससेक्समधल्या अल्फ्रिस्टनचं धर्मगुरूचं घर. १८९६मध्ये दहा पौंडांना मिळालं. १९०७च्या कायद्याने ट्रस्टला आपली मालमत्ता कायमची अविक्रेय ठरवण्याचा अधिकार दिला. पण ट्रस्टचा खरा शहाणपणा दुसरीकडे आहे. घर दान द्यायला आलेल्या मालकाला तो विचारतो, देखभालीसाठी निधी किती देता? नुसतं घर तो सहसा घेत नाही. दान घेताना एवढं रोखठोक बोलणं आपल्याला जड जाईल, पण त्यामागचं गणित साधं आहे. घर एकदाच मिळतं आणि गळती दरवर्षी येते.

आयटम मोटमध्ये ती गळती चारशे-पाचशे वर्षांची साचलेली होती. खालून खंदकाचा ओलावा आणि वरून पन्हळींचं पाणी, मध्ये ओक. ओलसर, बुरशीने मऊ झालेला ओक हे डेथवॉच भुंग्याचं माहेर. त्याची अळी लाकडात वर्षानुवर्षं, कधी कधी दहा वर्षंही, कोरत राहते आणि बाहेर काही दिसत नाही. भुंगा झाला की भोक पाडून निघतो. वसंतात जोडीदाराला बोलावताना तो डोकं लाकडावर आपटतो. शांत खोलीत ती टकटक ऐकू येते. कामावर असताना मी तुळईवर नखाने वाजवते, सुरी टोचून बघते. बाहेरून गुळगुळीत, काळसर, राजेशाही दिसणारी तुळई, आणि सुरी मुठीपर्यंत आत. सर्वांत आधी जातं ते तुळईचं भिंतीत रुतलेलं टोक. दगड पाणी शोषतो आणि ते लाकडाला देतो. वाड्यांतही हेच, फक्त भुंग्याच्या जागी वाळवी.

१९८९मध्ये ट्रस्टने काम सुरू केलं, आणि ते २००४पर्यंत चाललं. घराचे भागच्या भाग सुटे करायचे, प्रत्येक तुकडा कसा बसवला होता याची नोंद ठेवायची, कुजलेलं तेवढं कापून तिथे नवा ओक जोडायचा आणि पुन्हा उभारायचं. कुडाला कूड, चुन्याला चुना. काम करताना नंतरच्या भरावाखाली झाकलेल्या जुन्या नक्षीच्या आणि बांधणीच्या कितीतरी गोष्टी उजेडात आल्या. खर्च एक कोटी पौंडांच्या वर गेल्याचा अंदाज आहे. विल्यम मॉरिसने १८७७मध्ये जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी सोसायटी काढली ती नेमकी अशा उलथापालथीविरुद्ध : वास्तूला नवं करू नका, रोजची निगा ठेवा, गळतंय तिथे लगेच हात घाला. एवढं सुटं करून पुन्हा बांधलं की ते घर जुनं कसं म्हणायचं, असं आमच्या धंद्यातले काही जण म्हणतात. माझ्या मते इथे दुसरा मार्ग उरलेला नव्हता. पण तो उरला नाही याला कारण मॉरिसचा सल्ला पिढ्यान् पिढ्या कुणी पाळला नाही हेच. वेळच्या वेळी न बदललेली पन्हळ शेवटी एक कोटी पौंडांना पडते.

आता पाहुण्यांचा प्रश्न. महाराष्ट्रात कायदा नाही असं नाही. मुंबईची १९९५ची वारसा नियमावली देशातली पहिली; तीत श्रेणी आहेत, समिती आहे, आणि न वापरलेलं चटईक्षेत्र दुसरीकडे विकण्याची मुभाही आहे. आपलं अडलं ते त्याच्या आधी. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूंना तेव्हा त्याची गरज होती, यात वाद नाही. पण तो कायदा २०००पर्यंत ओढत नेला, आणि त्या भाड्यात वाड्याची कौलं शाकारणंही परवडेनासं झालं. मालक दुरुस्ती करेना, भाडेकरू जागा सोडेना, आणि दोघेही पावसाची वाट बघू लागले. आमच्या नात्यातला कृष्णाकाठचा एक वाडा भाडेकरू नसतानाही असाच गेला. वारस अनेक, सगळ्यांचा हक्क सारखा, म्हणून पन्हळीचा खर्च कुणाचाच नाही. कोपऱ्यातलं छप्पर गळलं, तुळईचं टोक गेलं, सागवानी कडीपाट खाली आला, आणि मग उरलेलं लाकूड भंगारवाल्याला मात्र एकमताने विकलं गेलं. तो वाडा वारसा यादीत असता, तरी यातलं काय थांबलं असतं? पाडायला कुणी गेलंच नव्हतं.

म्हणून इंग्लंडचा कायदा जसाच्या तसा आणा, असं मी म्हणत नाही. इथे पहिल्या श्रेणीच्या घराच्या मालकालाही कायदा पैसे देईलच असं नाही, आणि यादीत असूनही मोडकळीला आलेली घरं या देशातही आहेत. आयटम मोट उभं आहे ते चार गोष्टी लागोपाठ जुळल्या म्हणून : मधली दोन वर्षं अंगावर घेणारे तीन शेजारी, दुरुस्तीची हौस आणि ऐपत असलेला एक मालक, निधीशिवाय दान न घेणारी संस्था, आणि उशिरा का होईना, पाडू न देणारा कायदा. चौथी गोष्ट आपण बऱ्यापैकी उचलली. पहिल्या तिन्हींचा विचार आपल्या नियमावलीत जवळजवळ नाही. वाड्याच्या संवर्धनाचे अहवाल मी वाचते, त्यात कमानींची वर्णनं असतात, शैली असते, कुणाच्या कारकिर्दीत काय बांधलं ते असतं. पुढच्या मृगाच्या आत कौलं कोण शाकारणार आणि त्याचे पैसे दरवर्षी कुठून येणार, हे मात्र बहुधा कुठेच नसतं. अहवालाची सुरुवात त्या दोन ओळींनी झाली पाहिजे; शैलीचं प्रकरण त्यानंतर लिहिलं तरी चालेल.